दसऱ्याआधीची मरळ

मला मासे खायला फारसे आवडत नाहीत आणि धरायला तर कधीच आवडले नाहीत. तरी गेल्या वर्षी पोळा झाल्यापासून घट बसेपर्यंत मी रोज आमच्या तलावावर जाऊन गळ टाकत होते. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे दुखतात. आमच्या गावात बाईमाणसाच्या हातात गळाची काठी कुणी बघितली नव्हती, म्हणून लोक मोटारसायकल थांबवून बघायचे. बघू दे म्हणायची मी. त्यांना दुसरी कामं नसतील.

आमच्या मालकांच्या घशात गाठ निघाली होती. तंबाखूनं निघाली. सोलापूरला नेलं, मशीनवर शेक दिले, महिनोनमहिने जाणं-येणं झालं. गाठ गेली नाही, आवाज मात्र गेला. ओठ हलायचे आणि नुसती हवा बाहेर यायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, पातळ जाईल तेवढं द्या, मागतील ते द्या. डॉक्टर असं कधी म्हणतात हे मला चौथी शिकूनही कळतं. मुलगा पुण्याला कंपनीत असतो. तो फोनवर रडला. मी रडले नाही, कारण मला आंबील ढवळायची होती.

दूध, ताक, आंबील यावर त्यांनी उन्हाळा काढला. पावसाळ्यात तेही नको म्हणायला लागले. वाटी तोंडाशी नेली की ओठ मिटायचे. श्रावणभर मी मागं लागले, काय खावंसं वाटतं ते सांगा. सांगितलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर होती, श्रावण सुटला म्हणून गल्लीत घरोघरी मटण शिजत होतं. त्या वासानं असेल, त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं आणि ओठ हलवले. मला कळेना. मग त्यांनी पंजा उभा धरून सापासारखा वळवळत पुढं नेला.

"मरळ?" मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली. श्रावणभर हे मनात असणार, पण श्रावणात त्यांनी मागितलं नसतं.

मरळ म्हणजे काळा, सापाच्या तोंडाचा मासा. चिखलात राहतो, काटे कमी. आमच्याकडं बाळंतिणीला आणि दुखण्यातून उठलेल्याला तिचं पाणी देतात. त्या पाण्यानं गाठ विरघळेल असं मला वाटत नव्हतं. माणसानं बऱ्याच दिवसांनी काहीतरी मागितलं होतं, ते दोन चमचे त्यांच्या पोटात जावं, एवढंच मला पाहिजे होतं. तेवढं तरी व्हावं.

नळदुर्गला हायवेच्या कडेला मासे मिळतात. तिथून मी एक मरळ आणली, चांगली जाड. शिजवायच्या आधी त्यांना दाखवली. त्यांनी वास घेतला, पोटाला बोट लावलं आणि भिंतीकडं तोंड केलं. हौदात पाळलेली होती, ते त्यांना बोटानं कळलं. मी तिचं पाणी करून समोर ठेवलं. ओठ उघडले नाहीत. गार झालं तसं मी ते गल्लीतल्या कुत्र्यापुढं ओतलं.

"मग कुठली पाहिजे?" मी चिडून म्हणाले. "तुमच्या तलावातली?"

मानेनंच हो म्हणाले. आमच्या तलावाचा ठेका दुसऱ्या माणसाकडं आहे. तो जाळी टाकून कटला, रोहू काढतो. मरळ जाळ्यात फारशी येत नाही, ती काठाला बेशरमीच्या झाडोऱ्यात बसते. काठावर गळ घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांना ठेकेदाराची माणसं काही म्हणत नाहीत. मालक त्या म्हाताऱ्यांपैकीच. उभा जन्म त्यांनी शेतातून सुटलं की तलाव गाठला होता. मी त्यावरून भांडण पुष्कळ केलं, पण कधी सोबत गेले नव्हते.

त्यांनी वळचणीला खोवलेल्या काठीकडं बोट केलं आणि मग माझ्याकडं.

"मी? डोकं फिरलंय का तुमचं?"

परत काठीकडं आणि परत माझ्याकडं.

अंगणात शिकवणी झाली. त्यांची खाट बाहेर घेतली, त्यांनी मला काठी देऊन तुळशीपाशी उभं केलं. दोरीचं टोक त्यांनी आपल्या बोटाला गुंडाळलं आणि हात गोधडीखाली घेतला. मासा ते आणि धरणारी मी. आधी ते बारीक झटका द्यायचे. तेव्हा ओढायचं नाही. मग पुन्हा एक बारीक झटका, तेव्हाही नाही. मग दोरी सावकाश एका बाजूला जायला लागायची, तेव्हा ओढायचं. मरळ आधी चारा तोंडात धरून बघते, मग गिळते, मग वळून निघते. वळली की ओढायचं. हे एवढंच शिकायचं होतं आणि मला ते येत नव्हतं. पहिल्या झटक्यालाच माझे हात वर जायचे. दोरी त्यांच्या बोटातून सरकन निसटायची. एकदा कातडी सोलली तेव्हा त्यांनी खाटेच्या माच्यावर मूठ आपटली.

शेजारी राहणारी माझी धाकटी जाऊ भिंतीवरून बघत होती.

"आक्का, दादांना गळाला लावलं का काय?"

"लागंनात की," मी म्हणाले.

मालक हसले. हसताना त्यांना ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही. जावेनं मान आत घेतली.

तलावावर मालकांचा जोडीदार असायचा, वरच्या आळीचा, त्यांच्याच वयाचा. दोघं शेजारी बसून बोलायचे कमी आणि तंबाखू जास्त मळायचे. त्याला काही झालं नाही. मी पहिल्या दिवशी काठी घेऊन गेले तेव्हा तो उठून उभा राहिला.

"वैनी, तुमी?"

"का? तळं तुमच्या नावावर हाय का भावजी?"

त्यानं जागा करून दिली. मालकांचीच जागा ती. तिथं गवत बसून बसून गेलं होतं.

चारा म्हणून बेडकी लावायची. पावसाळ्यात बेडक्यांना तोटा नाही. गळ तिच्या मांडीतून घालायचा, म्हणजे ती जिवंत राहते आणि पाण्यावर पाय मारत राहते. पहिल्या दिवशी ते मी जोडीदाराला करायला लावलं. आठवड्याभरात मी ते जावेच्या तक्रारी ऐकता ऐकता करायला लागले. बेडकी बेशरमीच्या दोन झुडपांमध्ये सोडायची, काठी हलकी वरखाली करायची आणि बसायचं. मला बसायची सवय नाही. मला रिकामं बसलं की घरातलं आठवतं, त्यांचं मिटलेलं तोंड आठवतं. म्हणून मी काठी सारखी उचलून बघायची.

"वैनी, ही काय विहीर हाय का पोहरा वढायला?"

"गप बसा. तुमच्या गळाला काय लागलंय सकाळपासनं?"

"माझ्या गळाला ऊन लागलंय."

असं चालायचं. बेशरमीत गळ अडकायचा, दोरी तुटायची. एकदा मी पाय घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेले आणि जोडीदारानं काठीनं ओढून काढलं. एकदा एक चिलापी लागली, तळहाताएवढी. माझा पहिला मासा. घरी नेऊन पाणी केलं, उगीच वाटलं की मी धरलीय म्हणून घेतील. त्यांनी चिलापीकडं बघितलं, माझ्या चिखलानं भरलेल्या लुगड्याकडं बघितलं, आणि ओठ मिटून घेतले. मरळ म्हणजे मरळ. मरायला टेकलेला माणूस मऊ होतो असं म्हणतात, ते आमच्या घरी तरी खोटं निघालं.

गणपती बसले, गौरी जेवल्या. दिवसेंदिवस त्यांचा गळा आतून आवळत चालला होता. ताक वाटीवरून चमच्यावर आलं. मला समोर दिसत होतं की मरळ मिळायला उशीर झाला तर मिळून उपयोग नाही. आणि घट बसले की दसरा होईपर्यंत घरात मासा-मटण बंद. म्हणजे माझ्या हातात पितृपंधरवडा संपेपर्यंतचाच वेळ होता.

एका सकाळी जोडीदारानं मला पाण्यावर एक लाल डाग दाखवला. टोपलीएवढा, हलणारा. जवळून बघितलं तर मरळीची पिल्लं, मिरीएवढी डोकी, सगळी एकत्र पोहत होती.

"त्यांच्या खाली ती हाय बघा," तो म्हणाला. "पिल्लांवर बेडकी टाकली की धरणारच. गिळायला नव्हं, हाकलायला. तुमच्यासारखीला बी लागंल ती."

मी काठी उचलली. तो पुढं म्हणाला, "तुमच्या मालकानं मातर आयुष्यात पिल्लांवरची मरळ धरली न्हाय. मी धरली तर चार-चार दिवस बोलायचा न्हाय माझ्याशी. बगा आता तुमचं तुमी."

त्यानं हे बोलायला नको होतं. मी काठी खाली ठेवली आणि घरी विचारायला आले. डांबरी रस्त्यानं येताना मी मनात म्हणत होते, आता तरी हो म्हणा. मी सांगितलं, तलावात आहे, पिल्लांवर आहे, तासाभरात आणते. त्यांनी मान हलवली. नाही.

"तुमच्या पोटात काय न्हाय आन् तुम्ही मरळीची पोरं सांभाळताय?"

नाही.

मी न विचारता आणली असती तर? त्यांना कळलं नसतं, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, कळलं असतं. हौदातली बोटानं कळली तशी हीही कुठून तरी कळली असती.

त्यानंतर एकदा खरंच लागली. बेडकी पाय मारत होती, पाणी डबक्कन फुटलं आणि बेडकी दिसेनाशी झाली. माझे हात वर गेले. गळ रिकामा येऊन माझ्या खांद्यावर आदळला, त्याला बेडकीची नुसती मांडी. जोडीदार तंबाखू मळायचा थांबला आणि पाण्याकडं बघत राहिला. तेव्हा मला कळलं की मोठी होती. घरी आले तर मालकांनी माझं तोंड बघून गोधडीखालून हात काढला आणि बोटानं हळूच एक झटका देऊन दाखवला. मग दुसरा. मग हात सावकाश बाजूला नेला. मी म्हणाले, माहीत आहे मला, आणि चुलीपाशी जाऊन बसले.

आता दसरा काढायची गोष्ट सांगते. घट बसायच्या आधी आमच्याकडं घर धुऊन-सारवून काढतात, सगळी भांडी घासतात, घरातल्या सगळ्या गोधड्या, वाकळा पाण्यावर नेऊन आपटतात. त्याला दसरा काढणं म्हणतात. एकदा दसरा काढला की मग त्या घरात मासा-मटणाचं वशाट चालत नाही, घट बसायला दोन दिवस असले तरी. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं.

अमावस्येला दोन दिवस राहिले होते. जाऊ आली.

"आक्का, समद्यांच्या गोधड्या निघाल्या. तुमच्याच ऱ्हायल्या. दादांच्या अंथरुणाचा वास भाईर येतोय. आईचा घट असल्या घरात बसवायचा का?"

वास येतच होता. मी विचार केला, महिनाभर मरळ हाताला आली नाही, दोन दिवसांत काय येणार आहे? गेले तिच्याबरोबर. सगळ्या गावच्या बायका तलावावर. साबणाचा फेस बेशरमीपर्यंत गेला होता. जोडीदार लांब बसून ओरडत होता, "अगं बायांनो, मासं धुताय का गोधड्या?" मी मालकांच्या वाकळा आपटल्या, वाळवल्या, घरी येऊन चूल सारवली, देवघरापाशी घटाची पत्रावळ आणि काळी माती आणून ठेवली. सगळं चकचकीत केलं.

अमावस्येच्या दुपारी पितरांचं जेवण आटोपून मी सवयीनं तलावावर गेले. जोडीदार नव्हता, त्याच्या घरीही जेवणं होती. आस अशी काही राहिली नव्हती. घरात बसवत नव्हतं म्हणून गेले, खरं एवढंच. साबणाचं पाणी निवळलं होतं. मी बेडकी सोडली आणि त्या दिवशी पहिल्यांदा काठी उगीच उचलून बघितली नाही, कारण मला उचलायचाही कंटाळा आला होता. पाणी फुटलं. बारीक झटका. मी बसून राहिले. दुसरा झटका. दोरी सावकाश डावीकडं, बेशरमीकडं जायला लागली. तेव्हा मी उठून दोन्ही हातांनी काठी मागं ओढली आणि उलट्या पावली चालत सुटले. मरळ गवतात येऊन पडली. हाताएवढी लांब. ती पाण्याकडं सरकायला लागली तशी मी तिच्यावर बसले. पदरात गुंडाळली आणि तशीच घरी आले, गुडघे दुखत होते की नाही ते आठवत नाही.

मालकांनी बघितली. हात लावला, डोक्यापासून शेपटीपर्यंत. असं तोंड त्यांचं मी वर्षभरात बघितलं नव्हतं. मग त्यांची नजर चुलीवर गेली, तिथून देवघरापाशी ठेवलेल्या पत्रावळीवर. त्यांनी हात काढून घेतला.

"न्हाय, आता न्हाय म्हणू नका," मी म्हणाले. "घट उद्या बसतोय. आज अमावस्या हाय."

त्यांनी सारवलेल्या भुईकडं बोट केलं. ओठ हलले. दसरा.

"गोठ्यात चूल मांडते. भांडं बी घरात आणत न्हाय."

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मग खाली, घराकडं. मी इथंच आहे ना, असं.

"मग खाटेसकट भाईर नेते तुम्हाला." मी जावेला हाक मारली. ती आली, तिनं मासा बघितला आणि दोन पावलं मागं सरली.

"आक्का, असलं नगा करू. आजवर मोडलं न्हाय त्यांनी. शेवटाला मोडायला लावता का?"

शेवटाला हा शब्द ती त्यांच्यासमोर बोलली. बोलल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. मालक मात्र मान हलवत होते, बरोबर बोलली म्हणून.

"आईच्या नावानं लोक बकरी कापत्यात," मी म्हणाले. "तिला कशाचा इटाळ? तुमच्या दोन चमच्यानं ती बाटती व्हय?"

त्यांनी माझा हात धरला, चिखलाचा, खवल्यांचा. ओठ हलले. दसरा झाल्यावर. तोवर तुम्ही राहता का, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं, म्हणून मी ते बोलले नाही.

मरळ थोड्या पाण्यातही जगते. गोठ्यात निळं टिपाड होतं, त्यात सोडली. वर फळी आणि फळीवर दगड. सकाळी घट बसला, मी माझ्या हातानं बसवला. रोज एक माळ घटाला चढवायची, दिव्यात तेल घालायचं, आणि गोठ्यात जाऊन टिपाडातलं पाणी बदलायचं. मी बेडक्या टाकून बघितल्या. तिनं खाल्ल्या नाहीत, बेडक्याच फळीखालून निसटून गेल्या. जोडीदार बघायला आला.

"घटाच्या घरात मरळ बी उपास धरतीय," तो म्हणाला. मी हसले नाही तसा तो टिपाडाकडं बघत म्हणाला, "बारीक झाली की हो वैनी."

आत मालकांचा चमचा बंद झाला होता. मी कापूस पाण्यात भिजवून ओठांना लावत होते. पाचव्या-सहाव्या माळेला मला त्या माशाचा राग यायला लागला. पाणी बदलताना वाटायचं, मर एकदाची, म्हणजे मला वाट बघायला नको.

अष्टमीला मुलगा आला. दसऱ्याला घट उठला, पुरणाचा नैवेद्य झाला, लोक येऊन सोनं देऊन गेले. मालकांच्या हातात त्यांनी आपट्याची पानं ठेवली, ती त्यांच्या बोटांतून गळून पडत होती. पुरणाच्या दिवशी मासा नाही. दुसऱ्या दिवशी एकादशी, पण ती आमच्यात धरत नाहीत. सकाळी मी मरळ काढली, डोक्यात दगड घातला, राख लावून सोलली. आत मांस थोडंच राहिलं होतं. हळद, मीठ आणि लसणाच्या दोन पाकळ्या टाकून पाणी केलं, फडक्यातून गाळलं, कोमट केलं.

मुलानं त्यांना पाठीमागून धरून बसवलं. मी चमचा नेला. त्यांनी तोंड उघडलं. मिटलेलं तोंड मी इतके महिने बघत होते आणि ते आता आपण होऊन उघडलं. मी चमचा ओतला. पाणी तोंडात राहिलं. त्यांनी गिळायचा प्रयत्न केला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मोठे झाले. मग ते सगळं ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं. मी पुसलं आणि दुसरा चमचा घेतला.

"आई, बास कर," मुलगा म्हणाला. "जात न्हाय त्यांना."

"दिसतंय मला."

दुसराही तसाच आला. तिसरा मी वाटीत परत ओतला. मुलानं त्यांना आडवं केलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. वाटीत पाणी होतं, पातेल्यात मासा होता. मुलगा खाणार नव्हता, जावेचा गुरुवार होता. टाकून द्यायला मन होईना. मी भाकरी घेतली आणि खाटेपाशी बसून जेवायला लागले. मालक बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी ओठ हलवले. कशी आहे?

दारातून मुलगा माझ्याकडं बघत होता. चांगली आहे म्हण, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"चव न्हाय," मी म्हणाले. "टिपाडात ऱ्हाऊन गेली."

मालकांनी मान डोलावली. मी भाकरी कुस्करली आणि सगळं संपवलं.

त्याच आठवड्यात ते गेले. भेटायला आलेल्या बायका विचारतात, शेवटी काय खाल्लं? पोटात काय गेलं? मी सांगते, काही नाही. पाणी गेलं, तेही कापसानं.